गिरणीवाल्याच्या कानातला सूर

कान्हे फाट्याजवळची भाताची गिरणी पुतण्याच्या, म्हणजे शादाबच्या हाती सोपवून अल्लाउद्दीनभाई मुलाणी घरी बसले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगं, कुकर कवाचा शिट्टी मारतोय. गॅस बंद कर की."

खुर्शीदाबी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "कुकर धुऊन पालथा घातलाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "गॅसवर काय बी न्हाई."

अल्लाउद्दीनभाईंनी आत जाऊन पाहिलं. कुकर खरंच पालथा होता. मग त्यांनी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, फ्रिजचं बटण खाली केलं. शिट्टी चालूच. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली, तर ती आणखीच मोठी झाली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही बाहेरून येतच नाही.

चौतीस वर्षं त्यांनी ती गिरणी चालवली होती. दिवाळी ते संक्रांत हा इंद्रायणी तांदळाचा हंगाम, आणि त्या दिवसांत सकाळी सातला सुरू झालेलं यंत्र दिवे लागेपर्यंत थांबत नसे. गिरणीत माणूस बोलायचा तो खुणेनं, नाहीतर समोरच्याच्या कानाला तोंड लावून. पण त्या गदारोळात अल्लाउद्दीनभाईंचा कान असा तयार झालेला, की पट्टा किती सैल पडलाय ते पाठ फिरवून सांगत. पोत्यातलं पहिलं घमेलं आत पडलं की शेतकऱ्याला म्हणत, "आबा, भात ओला हाय. दोन दिस उन्हात टाका, न्हाईतर कणीच हुईल." आबा म्हणत, बघितलंस तरी का? तर म्हणत, "ऐकलं की." आसपासच्या गावांत त्यांचा हा कान प्रसिद्ध होता. त्याच कानात ही शिट्टी वर्षानुवर्षं मुरत होती. यंत्राच्या आवाजाखाली झाकलेली होती, एवढंच.

तळेगावच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि समजावून सांगितलं. कानाच्या आतले बारीक तंतू झिजलेत, जो आवाज आत पोचत नाही तो मेंदू स्वतःच तयार करतोय. यावर गोळी नाही. जिवाला धोकाही नाही. "हळूहळू सवय होईल, काका," डॉक्टर म्हणाले.

सवय झाली नाही. दोन वर्षं गेली. अल्लाउद्दीनभाई चिडके झाले. लग्नाला जाईनात, कारण चार माणसं एकदम बोलली की शब्द शिट्टीत बुडून जायचे. जुम्म्याच्या नमाजाला जात, पण मशीद शांत झाली की शिट्टीचा जोर वाढायचा. सगळे कपाळ टेकवून असताना आपल्या एकट्याच्याच डोक्यात हा कारखाना चाललाय, याची त्यांना लाज वाटे. खुर्शीदाबी काही सांगायला लागल्या की ते "काय?" म्हणत, पुन्हा "काय?" म्हणत, आणि तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा येऊन नुसती मान हलवत. त्यामुळे खुर्शीदाबींनी सांगणंच सोडून दिलं. जे काय असेल ते त्या शेजारच्या मुक्ताबाईंना सांगत. घरात दोन माणसं होती, पण बोलणं "जेवण वाढू का" आणि "वाढ" यापलीकडे जाईना.

त्या वर्षी डिसेंबरात शादाबला गिरणीतून उसंत नव्हती, म्हणून लोणावळ्याच्या एका गिऱ्हाइकाचा तांदूळ पोचवायला अल्लाउद्दीनभाई स्वतः स्कूटर घेऊन निघाले. तुंगार्लीत एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये मानसी नावाची बाई भाड्यानं राहत असे. मूळची पुण्याची, चाळिशीची, एकटी. दरवर्षी स्वतःसाठी आणि मैत्रिणींसाठी नवा तांदूळ मागवायची. ती जाहिरातींना आणि मालिकांना आवाज करून देते, एवढं त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे नेमकं काय करते, ते कधी विचारलं नव्हतं.

पोतं खांद्यावर घेऊन ते दारापर्यंत आले आणि जागच्या जागी थांबले.

त्यांची शिट्टी आतून येत होती. कानातून नव्हे, खोलीतून. अगदी तंतोतंत तीच नव्हती, जराशी खालची होती. पण होती तिचीच बहीण.

मानसीनं दार उघडलं. "चाचा, ठेवा ना खाली. उभे का?"

"त्ये काय वाजतंय?"

"अहो सॉरी, बंद करते."

"न्हाई, न्हाई! बंद करू नका." पोतं तसंच दारात टाकून ते आत शिरले. टेबलावर एक लाकडी चौकट होती. तिच्यात लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, पट्ट्यांवर गोल बटणं नि बारीक भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या रंगीत वायरींचं जंजाळ. "ह्यातनं येतंय?"

"हो, याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. यातली प्रत्येक पट्टी एकच काम करते. ही जी आहे ना, ती सूर तयार करते. ऑसिलेटर. बाकीच्या सगळ्या त्या सुराला वळण लावायला."

"जरा वर घेता का?"

मानसीनं बटण किंचित फिरवलं.

"अजून. अजून जरा... थोडं मागं. थांबा!"

खोलीतला सूर आणि कानातला सूर एकमेकांवर असे बसले, की कुठला कुठला ते कळेना. अल्लाउद्दीनभाई खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मानसी घाबरली आणि तिनं झटकन यंत्र बंद केलं.

आणि सगळं शांत झालं.

बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता. बंगल्याचा माळी खराट्यानं पानं लोटत होता, खराट्याची एकेक काडी फरशीवर घासल्याचं ऐकू येत होतं. अल्लाउद्दीनभाई हललेसुद्धा नाहीत. अर्धं मिनिट गेलं असेल. मग लांबून, चोरपावलांनी शिट्टी परत आली.

"गेली हुती," ते म्हणाले. "ताई, ती गेली हुती."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं इतकं सांगितलं. मानसीनं चहा टाकला. शिट्टी परत आली याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ती जाऊ शकते, हे कळल्यानंच छातीवरचा धोंडा उतरला होता.

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी ते लोणावळ्याला जाऊ लागले. आधी नुसते ऐकायला. पण जन्मभर यंत्र चालवलेला माणूस दुसऱ्याच्या यंत्रापुढे हात बांधून किती बसणार? तिसऱ्या गुरुवारी मानसीनं त्यांना वायरी लावायला शिकवलं. मग तिनं एक गंमत दाखवली. कानातला सूर फार वरचा, त्याचं गाणं होणं कठीण. पण त्याची कंपनं निम्मी करून तो अर्धा केला की तोच सूर एक सप्तक खाली येतो. पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. असं चार-पाच वेळा केलं, तेव्हा स्पीकरमधून तंबोऱ्यासारखा भरदार षड्ज निघाला.

"हा तुमचाच आहे," ती म्हणाली. "फक्त जमिनीवर आणलाय."

इकडे कान्ह्यात मुक्ताबाईंनी एक दिवस खुर्शीदाबींना सहज विचारलं, "भाऊ दर गुरुवारी लोणावळ्याला जात्यात म्हनं? त्या एकट्या बाईकडं?" पुढच्या गुरुवारी खुर्शीदाबी डोक्यावर पदर घेऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. "मला बी बघायचंय," एवढंच म्हणाल्या.

मानसीनं त्यांचं हसून स्वागत केलं. खुर्शीदाबींनी खोलीभर नजर फिरवली. वायरी बघितल्या, यंत्र बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या वयात बाजा शिकताय?"

"बस हितं," अल्लाउद्दीनभाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. ऑसिलेटरचं बटण अर्ध्या मिनिटात बरोब्बर जागेवर आणलं. तोवर त्यांना ती जागा पाठ झाली होती.

खुर्शीदाबींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग खुर्चीत चुळबुळ सुरू झाली. मिनिटभरानं त्यांनी हेडफोन ओढून काढला.

"लय घान आवाज हाय. ह्ये काय?"

"ह्ये माझ्या कानात हाय."

"आत्ता?"

"आत्ता. सकाळी उठल्यापासनं."

"तुमी नमाजाला बसता तवा?"

"तवा बी."

"मी बोलते तवा?"

अल्लाउद्दीनभाईंनी होकारार्थी मान हलवली. खुर्शीदाबी हेडफोनकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, आता ह्यास्नी माझं ऐकायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "मी मुक्ताबाईला तसंच सांगितलं." मग त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ बसल्या. अल्लाउद्दीनभाई म्हणाले, "पुरं आता." त्या म्हणाल्या, "थांबा वाईच. मिनिटभरात काय कळतंय?"

परतताना कामशेतच्या पुढे खुर्शीदाबींनी स्कूटर थांबवायला लावली. खाली उतरून त्या नवऱ्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, आपलं तोंड त्यांना नीट दिसावं म्हणून. आणि दोन वर्षांतलं राहिलेलं सांगायला लागल्या. मुलीच्या सासरचं, शादाबच्या मुलीच्या शाळेचं, विहिरीच्या मोटरचं. रस्त्यावरून ट्रक जात होते, पण अल्लाउद्दीनभाईंना त्यातलं बहुतेक सगळं कळलं. जे कळलं नाही ते त्यांनी पुन्हा विचारलं आणि खुर्शीदाबींनी न चिडता पुन्हा सांगितलं.

आता गाण्याचं ऐका.

मानसी आठ वर्षं त्या यंत्रावर काम करत होती, पण तिनं एकही पूर्ण गाणं केलेलं नव्हतं. जाहिरातीला लागतात सात सेकंद, मालिकेतल्या धक्क्याला लागतात तीन. तिच्या कॉम्प्युटरमध्ये अशा तुकड्यांची हजारभर नावं होती. स्वतःसाठी काही करायला घेतलं, की एक छान आवाज सापडे, तो मिनिटभर फिरत राही आणि मग पुढे कुठे जायचं ते तिला कळत नसे. वायरी काढल्या की संपलं. तो आवाज पुन्हा तसाच लागेल याची खात्री नाही.

अल्लाउद्दीनभाईंना तुकडे चालत नव्हते. त्यांचा कान त्या षड्जात गुंतला की शिट्टी गाण्याचाच वरचा सूर होऊन बसायची, टोचायची बंद व्हायची. पण मिनिटभरात गाणं तुटलं की ती पुन्हा उघडी पडायची. "जेवायला बसवायचं आन पहिल्या घासाला ताट उचलायचं, असं हुतंय," ते म्हणाले. "गानं पुरं पायजे, ताई. लांबरूंद."

"पुरं म्हणजे कसं, चाचा? मला तेच जमत नाही."

ते दोन गुरुवार विचार करत राहिले. तिसऱ्या गुरुवारी येताना फोनवर गिरणीचा आवाज भरून घेऊन आले. शादाबला सांगून एक पोतं भात सुरुवातीपासून शेवटापर्यंत भरडून घेतलं होतं.

"ह्ये ऐका. आदी यंत्र मोकळं फिरतंय, हलकं. आता पट्ट्यानं जोर धरला. हे पहिलं घमेलं पडलं, आवाज बघा कसा जाड झाला. आता भरला, आता निस्ता चाललाय, हितं काय बी बदलायचं न्हाई, बदललं तर बिघडलं म्हणायचं. आन आता ऐका, वरचा भात सरत आलाय. आवाज पातळ झाला. मागनं कोंड्याचा फुसफुस... आन मोकळं. बंद." त्यांनी फोन खाली ठेवला. "एक पोतं. पाच मिंटं चाळीस सेकंद."

मानसीनं कागद ओढला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.

ऑसिलेटर एकच, आणि तो एका वेळी एकच सूर देणार. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये थरावर थर भरायचं ठरवलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चाळीस सेकंद नुसता षड्ज भरला, यंत्राच्या मोकळ्या फिरण्यासारखा, हळूहळू जाड होणारा. मग त्याच ऑसिलेटरचा सूर वरून एकदम खाली पाडून ढोलासारखी 'धुम्म' काढली आणि तिचा ठेका केला. मग चार सुरांची एक ओळ, जी भात पडायला लागल्यावर येते आणि सरल्यावर जाते. ती ओळ अल्लाउद्दीनभाईंनी स्वतः बटणं फिरवून बसवली. कोंड्याचा फुसफुसाट काढायला तर अख्खी सकाळ गेली, पण सापडला.

ऑगस्ट उजाडला. लोणावळ्यात धुकं खिडकीतून आत यायला लागलं. त्या दिवशी शेवटचा थर भरायचा होता. मानसीनं यंत्र सुरू केलं आणि अल्लाउद्दीनभाईंनी हात वर केला.

"उतरलंय."

"काय उतरलंय?"

"तुमचा सूर. खाली आलाय. माझ्याशी जुळंना."

मानसीनं सूर मोजायचं यंत्र लावलं. खरंच उतरला होता, केसभर. थंडी-ओलाव्यानं ऑसिलेटर हलतो, तो तापायला अर्धा तास द्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. पण इतका बारीक फरक कानानं ओळखणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. "चाचा, मला हे मोजल्याशिवाय कळलंच नसतं," ती म्हणाली. अल्लाउद्दीनभाई हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपला कान पुन्हा आपल्या कामाचा वाटला. त्यांनी घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली, मग बटण जागेवर आणलं आणि म्हणाले, "भरा आता."

गाणं पुरं झालं, तेव्हा दोघं ते सुरुवातीपासून ऐकत बसले. मोकळं फिरलं, जोर धरला, भरून चाललं, पातळ झालं, थांबलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद. अल्लाउद्दीनभाईंना त्यातला एकही क्षण शिट्टी वेगळी ऐकू आली नाही. संपल्यावर ती यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मानसीनं गाणं कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं. मग म्हणाली, "आठ वर्षांनी माझं एक गाणं संपलं."

"आपलं," ते म्हणाले.

गाण्याचं नाव त्यांनी 'एक पोतं' ठेवलं. शादाबनं ते गिरणीत लावून पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, यात तर आपला पट्टा हाय." त्याच दिवशी अल्लाउद्दीनभाईंनी त्याच्यासाठी कान झाकायचे जाड हेडफोन आणले. शादाब आठवडाभर कुरकुरला, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणाला. "तसं बी येत न्हाई," अल्लाउद्दीनभाई म्हणाले, "घाल." आता तो घालतो.

शिट्टी गेली नाही. डॉक्टरांनीही पुन्हा तपासून तेच सांगितलं, की आहे तशी आहे. पण आता ते सकाळी उठून आधी तिच्याशी भांडत बसत नाहीत. झोप लागते. जुम्म्याला मशिदीत बसले की शिट्टी असते आणि तेही असतात. गेल्या वर्षभरात त्यांची आणखी चार गाणी झाली, सगळी पुरी. एक सहा मिनिटांचं खुर्शीदाबींच्या सांगण्यावरून केलं, कारण त्यांना ढोलाचा ठेका आवडला नव्हता. त्या म्हणाल्या, "ठोकाठोक कमी करा आन जरा झोका घेतल्यागत करा." झोका घेतल्यागत करायला दोन महिने लागले.

गेल्या महिन्यात बेडशाचे सीताराम ओव्हाळ भात घेऊन गिरणीत आले. वीस वर्षं त्यांनी खडीच्या क्रशरवर काम केलेलं. शादाबच्या कानांवरचे हेडफोन बघून त्यांनी खुणेनं विचारलं, हे काय? शादाबनं यंत्र थांबवून सांगितलं. सीतारामभाऊ पोतं तिथंच ठेवून थेट अल्लाउद्दीनभाईंच्या घरी गेले.

"मला बी हाय," ते दारातूनच म्हणाले. "पन शिट्टी न्हाई. टाकीत पानी पडल्यागत. बायकोला सांगितलं तर म्हनली, भास हाय."

गुरुवारी तिघं लोणावळ्याला गेले, कारण खुर्शीदाबींनाही यायचं होतं. मानसीनं खुर्ची अल्लाउद्दीनभाईंना दिली आणि स्वतः मागे उभी राहिली. सीतारामभाऊंच्या कानांवर हेडफोन चढवला. अल्लाउद्दीनभाईंनी सूर खरबरीत केला, मग त्यातला वरचा कर्कशपणा गाळला, मग थोडा खाली आणला. सीतारामभाऊ मान हलवत होते. न्हाई. न्हाई. ह्ये न्हाई. पंचवीस मिनिटं झाली. एक वायर काढून अल्लाउद्दीनभाईंनी दुसऱ्या भोकात लावली आणि बटण नखभर फिरवलं.

सीतारामभाऊंनी त्यांचं मनगट धरलं.

"ह्येच," ते म्हणाले. "थांबा, हलवू नका. ह्येच हाय."

अल्लाउद्दीनभाईंनी बटणावरचा हात काढला. खुर्शीदाबी पुढे झाल्या, दुसरा हेडफोन उचलून त्यांनी कानाला लावला आणि मान डोलवत म्हणाल्या, "व्हय की. टाकीच भरतीय." सीतारामभाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांनी बायकोला फोन लावला, मानसीला आवाज स्पीकरवर सोडायला लावला आणि फोन थेट स्पीकरसमोर धरला.